चार सेकंदांची तयारी

साताऱ्यातल्या एका लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी कार्यालयात पोचलो, तेव्हा स्टेजवर फुलवाले चढले होते आणि मागच्या दारानं आचाऱ्यांची पातेली आत येत होती. फोटो काढणाऱ्या ताई मात्र कॅमेऱ्याची बॅग कोपऱ्यात ठेवून, वही उघडून गुरुजींसमोर बसल्या होत्या. अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार, मुलीचे मामा नेमके कुठे उभे राहणार, करवल्या किती, लाजाहोम स्टेजवर की खाली, असे त्यांचे प्रश्न चालले होते. गुरुजी सावकाश एकेकाचं उत्तर देत होते. लग्नात कॅमेरावाले आणि गुरुजी यांची ओढाताण मी कितीदा पाहिली आहे. मुहूर्त टळत असतो आणि इकडून “जरा इकडे बघा” चालू असतं. ही दोघं एका वहीवर वाकलेली पाहून मी ताईंना विचारलं, उद्या तुमच्यामागे फिरू का? त्या म्हणाल्या, “फिरा, फक्त अंतरपाटाच्या वेळी मध्ये येऊ नका. तिथे आपल्याकडे चार सेकंद असतात.”

चार सेकंद हा त्यांचा अनुभवाचा हिशेब. अंतरपाट दूर झाला की नवरा-नवरीची नजरानजर होते. तेवढ्यात वाजंत्री सुरू होते, अक्षतांचा वर्षाव होतो, हार पुढे येतात आणि मंडळी स्टेजकडे सरकतात. हार पुन्हा घालायला सांगता येतो. ती पहिली नजर पुन्हा मागता येत नाही.

वहीत त्यांनी स्टेजचा नकाशाच काढला होता. नवरा-नवरी समोरासमोर उभे असतात, म्हणजे एका कॅमेऱ्याला दोन्ही चेहरे समोरून मिळणं शक्यच नाही. नवरीचा चेहरा हवा तर नवऱ्याच्या पाठीमागे उभं राहायचं, नवऱ्याचा हवा तर नवरीच्या मामांच्या खांद्यावरून पाहायचं. तिसरा कॅमेरा बाजूला, उंच स्टँडवर, व्हिडिओसाठी. मामा उंच असतील तर मागे छोटं स्टूल लागतं, आणि ते करवलीच्या पायात येणार नाही अशा जागी आधीच ठेवावं लागतं. अक्षता कॅमेऱ्यासमोरून पडायला लागल्या की ऑटोफोकस चेहरा सोडून तांदळाचे दाणे धरतो, म्हणून ताई फोकस आधीच जुळवून बंद करतात. ही सगळी खटपट चार सेकंदांसाठी. शिवाय तिघांच्या जागा ठरलेल्या असल्या की समोर बसलेल्या पाहुण्यांनाही लग्न दिसतं. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. लांबून आलेल्या आत्याला कॅमेरावाल्यांच्या पाठी बघून परत जावं लागू नये.

उजेडाचं गणितही असंच. हळदीच्या मांडवाला लाल-गुलाबी कापड असलं की चेहऱ्यांवर तोच रंग उतरतो, त्यात हळदीचा पिवळा मिसळतो आणि नवरीची कांती तिची राहत नाही. मुलीच्या वडिलांना सांगून ताईंनी डोक्यावरचं कापड पांढरं लावून घेतलं होतं. कार्यालयातले एलईडी दिवे डोळ्याला स्थिर दिसतात, पण आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर त्यातले काही लुकलुकत असतात आणि व्हिडिओत आडवे पट्टे उठतात. व्हिडिओ काढणारा मुलगा त्यासाठी शटर 1/50 वर ठेवतो. मंगलाष्टकांचा आवाज स्पीकरवरून घेतला तर फाटतो, म्हणून गुरुजींच्या उपरण्याला त्यानं छोटा माइक लावला. गुरुजींनी तो स्वतःच नीट केला.

मला मात्र पुन्हा पुन्हा आठवतो तो गौरीहर. सीमांतपूजन, पुण्याहवाचन आटोपलं, वरात दारात आली आणि सगळं घर नवऱ्या मुलाला आणायला बाहेर धावलं. आतल्या खोलीत मामांनी दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसून, मुंडावळ्या बांधून मुलगी अन्नपूर्णेसमोर एकटी बसलेली. शेजारी फक्त तिची आजी. उदबत्तीचा धूर, बाहेरून बँडचा आवाज. आजी तिच्या मुंडावळ्या सारख्या करत होती आणि मुलगी चिमटीनं अक्षता वाहत होती. अशा वेळी खोलीत सहसा कुणीच कॅमेरावाला नसतो, सगळे दाराशी असतात. ताई तिथे होत्या. वहीत त्यांनी आदल्या दिवशीच लिहिलं होतं : “गौरीहर – मी स्वतः. दाराशी मुलगा.” भिंतीला टेकून, फ्लॅश न लावता त्या थोडेच फोटो काढून थांबल्या. नंतर नुसत्या उभ्या राहिल्या.

त्यांचे वडीलही हेच काम करायचे, 36 फोटोंच्या रोलवर. एका लग्नाला मोजके रोल, त्यामुळे कुठे बटण दाबायचं हे घरून ठरवूनच निघावं लागे. आता एका कार्डात हजारो फोटो मावतात आणि ठरवण्याची गरज संपली असं लोकांना वाटतं. ताईंचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे, आणि दिवसभर पाहिल्यावर मलाही ते पटलं. हजार फोटोंत आजी एकदाही नीट न दिसण्याची शक्यता खरी आहे, कारण आजी स्टेजवर चढत नाही, गुडघे दुखतात, आणि ती कोण हे कॅमेऱ्यामागच्या माणसाला माहीत नसतं. अलीकडे लग्नाआधी डोंगरावर, किल्ल्यावर जाऊन फोटो काढण्यावर आणि वर ड्रोन फिरवण्यावर बराच खर्च होतो. ते करणाऱ्यांनी जरूर करावं. पण पैसे मोजकेच असतील तर ड्रोन सोडावा आणि एक माणूस वाढवावा, असं मी म्हणेन. वरून मांडव दिसेल, गौरीहराची खोली दिसणार नाही.

मुहूर्त 12 वाजून 20 मिनिटांचा होता. अंतरपाट दूर झाला, चार सेकंद गेले, अक्षता पडल्या. ताई स्टुलावरून उतरल्या आणि सरळ पहिल्या रांगेतल्या आजीकडे गेल्या. पुढचं सगळं, म्हणजे कन्यादान, सप्तपदी, कानपिळी, शालू नेसून आलेली नवरी, आहेराची लांबलचक रांग, व्यवस्थित पार पडलं. रात्री पाठवणीनंतर त्यांनी कार्यालयातच दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर सगळं उतरवून घेतलं. अल्बम घरी पोचेपर्यंत कार्डं त्या पुसत नाहीत.

तुमच्या घरी लग्न ठरलं असेल तर कार्यालय घेतल्यावर एक संध्याकाळ एवढ्यासाठी राखा. गुरुजी, फोटो काढणारे आणि घरातलं एखादं थोरलं माणूस एकत्र बसवा. कुठला विधी कुठे, किती वाजता, हे लिहून काढा. ज्यांचा फोटो हवाच अशांची नावं लिहा, सगळ्यांत वर पायऱ्या न चढणाऱ्यांची. आणि दोन्हीकडचा एकेक माणूस असा नेमा, की जो या सगळ्यांना चेहऱ्यानं ओळखतो आणि त्या दिवशी दुसरं कुठलंही काम त्याच्याकडे नाही.