जीमॅटमधलं डेटा सफिशियन्सी : आकडा किती यापेक्षा आकडा एकच का?

एमबीए प्रवेशासाठीच्या जीमॅटची नवी रचना नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि डेटा सफिशियन्सीचे प्रश्न गणिताच्या विभागातून ‘डेटा इनसाइट्स’मध्ये गेले. या विभागात ४५ मिनिटांत २० प्रश्न असतात. डेटा सफिशियन्सीत एक प्रश्न, दोन विधानं आणि नेहमीचे पाच पर्याय : फक्त पहिलं विधान पुरेसं, फक्त दुसरं, दोन्ही मिळून, प्रत्येक स्वतंत्रपणे किंवा दोन्ही मिळूनही अपुरं. पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन आलं की भलेभले इथे अडखळतात, ते काही ठरावीक गैरसमजांमुळे.

गैरसमज : उत्तर काढल्याशिवाय पर्याय निवडता येत नाही.
वस्तुस्थिती : ‘गटातून तिघांची समिती १२० प्रकारे निवडता येते. गटात किती जण?’ माणसं वाढली की प्रकारही वाढतात. म्हणजे १२० हा आकडा एकाच संख्येला मिळणार. विधान पुरेसं आहे, एवढं कळलं की काम झालं. ती संख्या १० आहे, हे काढत बसायची गरज नाही.

गैरसमज : निवडीचे प्रकार दिले की समितीत किती जण आहेत ते कळतंच.
वस्तुस्थिती : दहा जणांतून समिती २१० प्रकारे निवडता येत असेल, तर ती चौघांची असेल किंवा सहा जणांची. चौघांना निवडणं आणि चौघांना वगळणं, दोन्हींचे प्रकार सारखेच. त्यामुळे हे विधान अपुरं. मात्र आकडा २५२ असेल तर समिती पाच जणांचीच, आणि विधान पुरेसं.

गैरसमज : वर्गसमीकरण आलं म्हणजे दोन उत्तरं, म्हणजे अपुरं.
वस्तुस्थिती : गटातून दोघांच्या २८ जोड्या होत असतील, तर समीकरण ८ आणि उणे ७ अशी दोन उत्तरं देतं. माणसं उणे असू शकत नाहीत. उरले ८.

गैरसमज : दोन्ही विधानं वापरून उत्तर आलं, की ‘दोन्ही मिळून’ हाच पर्याय.
वस्तुस्थिती : गटात दोघांच्या किती जोड्या होतील, असा प्रश्न आहे. पहिलं विधान : आणखी दोघे आले तर २१ जोड्या वाढतील. दुसरं : तिघांची समिती १२० प्रकारे निवडता येते. नवे दोघे जुन्या प्रत्येकाशी जोडी करतील आणि एक जोडी आपसात. म्हणजे जुने १० जण. दुसरं विधान पुरेसं आहे, हे वर पाहिलंच. म्हणून ‘प्रत्येक स्वतंत्रपणे’ हा पर्याय बरोबर. दुसरं विधान तपासताना पहिलं मनातून पुसायचं. एकत्र करायची ती दोन्ही एकेकटी अपुरी ठरल्यावरच.

गैरसमज : उत्तर ‘नाही’ आलं म्हणजे माहिती अपुरी.
वस्तुस्थिती : ‘जोड्या ५० हून जास्त आहेत का?’ विधान : गटात दहापेक्षा कमी माणसं आहेत. नऊ जणांच्याही ३६ जोड्याच होतात. उत्तर ठाम ‘नाही’, म्हणून विधान पुरेसं. कधी ‘हो’, कधी ‘नाही’ येत असेल तरच अपुरं.

सराव करताना एक उत्तर सापडलं की लगेच थांबू नका. त्याच विधानात बसणारं दुसरं उत्तर शोधा. ते सापडलं तर विधान बाद. डेटा इनसाइट्समध्ये पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, पण हा शोध तो घेऊन देत नाही.