विद्यापीठातला जुना संगणक गावच्या शाळेत आणताना

जुना ट्रॅक्टर घेताना आपण इंजिन ऐकल्याशिवाय व्यवहार करत नाही. दानात मिळणाऱ्या संगणकालाही तोच नियम लावा.

भिवंडीतली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ बऱ्याच जुन्या यंत्रांवर चढत नाही. त्यामुळे धडधाकट यंत्रेही निर्लेखनात निघतात. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करून कुलसचिव किंवा प्राचार्यांकडे लेखी मागणी करावी.

यंत्र आले की आधी आतली धूळ काढा. शेजारी यंत्रमाग असेल तर पंख्यात कापसाचे तंतू अडकतात अन् यंत्र तापते. जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली, रॅम वाढवली की मरगळलेले यंत्र पळू लागते. तारीख सारखी चुकत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदला. सी-डॅकची 'बॉस' ही लिनक्स प्रणाली फुकट मिळते, तीत मराठी चालते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे मराठीतही आहेत.

हारतुरे, फोटो झाले. पुढे सांभाळणार कोण? त्या शिक्षकाचे नाव ठरावातच घाला. अर्थिंग व दुरुस्तीचा खर्च धरा, जडसंग्रह नोंदवहीत नोंद करा.

निकामी यंत्र भंगारात विकू नका. तारा जाळून तांबे काढले की विषारी धूर गावातच राहतो. १ एप्रिल २०२३ पासूनच्या ई-कचरा नियमांप्रमाणे ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवे. म्हणून यंत्र दोन दिवस चालवून पाहा, मगच पावतीवर सही करा.