धर्मप्रांत

धर्मप्रांत म्हणजे ख्रिस्ती धर्मसभेतील एका बिशपच्या देखरेखीखालील विभाग होय. त्यात अनेक धर्मग्राम, म्हणजेच पॅरिश, असतात. मराठीत ‘प्रांत’ म्हटले की महसूल खात्याचे प्रांताधिकारी आठवतात. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही.

बायबलमधील विभाग

बायबलमध्ये आजच्या अर्थाचा धर्मप्रांत आढळत नाही. तेथील विभाग राज्यकारभाराचे आहेत. शलमोन राजाने इस्राएलवर बारा कारभारी नेमले व प्रत्येकाने वर्षातून एक महिना राजवाड्याला अन्नसामग्री पुरवावी, असे ठरविले. एस्तेरच्या ग्रंथात पारसी साम्राज्याचे हिंदुस्थानापासून कूशपर्यंत १२७ प्रांत सांगितले आहेत. नव्या करारातील मंडळ्या मात्र बहुधा करिंथ, फिलिप्पै अशा नगरांच्या नावांनी ओळखल्या जातात.

संज्ञांचा उगम

‘डायोसीझ’ हा शब्द घरकारभार या अर्थाच्या ग्रीक ‘दिओइकेसिस’वरून आला. रोमन सम्राट डायोक्लेशनच्या काळापासून तो साम्राज्याच्या मोठ्या विभागांना लावला जाई. चर्चने तो पुढे स्वीकारला. ‘पॅरिश’ची कथा अधिक उद्बोधक आहे. मूळ ‘पारोइकिया’ म्हणजे परक्या भूमीतील वास्तव्य. पेत्राच्या पहिल्या पत्रात तो याच अर्थाने येतो. प्रवाशांच्या तात्पुरत्या मुक्कामाचा शब्द अखेर आखीव हद्दीचा वाचक झाला! तरीही १९८३च्या कॅथलिक धर्मसंहितेने धर्मप्रांताची व्याख्या भूमीवरून न करता ‘बिशपकडे सोपविलेला देवाच्या प्रजेचा भाग’ अशा आशयाने केली आहे. निश्चित भूप्रदेश हा त्यानंतरचा सर्वसाधारण नियम.

हिंगोली जिल्हा

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे कॅथलिक धर्मप्रांताची हद्द बदलली नाही, कारण दोन्ही जिल्हे औरंगाबाद धर्मप्रांतातच मोडतात. हा धर्मप्रांत १७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावती धर्मप्रांतातून निर्माण झाला असून तो नागपूर महाधर्मप्रांताशी संलग्न आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचा मराठवाडा धर्मप्रांत स्वतंत्र आहे. म्हणजे एकाच प्रदेशावर दोन बिशपांच्या हद्दी येऊ शकतात. मेथॉडिस्ट चर्चमध्ये तर ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे जिल्हा नव्हे, तर अधीक्षकाच्या देखरेखीखालील मंडळ्यांचा समूह. हा भेद ध्यानी न घेतल्यास जुने कागद वाचताना फसगत होते. कॅथलिक कुटुंबांच्या बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदी धर्मग्रामाच्या वहीत असतात. त्या शोधताना जिल्ह्यापेक्षा कुटुंब तेव्हा कोणत्या धर्मग्रामात होते, हे आधी पाहावे लागते.