पाळी वेळेवर येते, मग नळ्या बंद कशा?

१९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर-लोहारा पट्ट्यात बरंच बदललं. बाळंतपणं घरातून दवाखान्यात गेली. सास्तूरच्या स्पर्श ग्रामीण रुग्णालयात बाळंतपणाला जायला आता कुणी लाजत नाही. पण लग्नाला तीन-चार वर्षं होऊनही लेकरू नसेल, तर ऐकू येणारं वाक्य तेच आहे: "हिची पाळी तर तारखेला येते. पोटात दुखत नाही, अंगावरून जात नाही. मग हिला काय धाड भरलीय?"

सासू हे म्हणते, आई म्हणते आणि पदवीधर नवराही म्हणतो. त्रास नाही म्हणजे रोग नाही, आणि रोग नाही म्हणजे मग करणी, नाहीतर पायगुण. नवस बोलायला कुणाची ना नाही, पण त्यात तपासणीची दोन-तीन वर्षं निघून जातात याचा राग येतो.

पाळी अंडाशयातल्या संप्रेरकांवर आणि गर्भाशयाच्या अस्तरावर चालते. गर्भनळ्यांचा तिच्याशी संबंध नाही. पटत नसेल तर आपल्याच गल्लीत पाहा. कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येक बाईच्या नळ्या बंदच केलेल्या असतात. त्यांची पाळी थांबली का? मग नियमित पाळी हा नळ्या मोकळ्या असल्याचा पुरावा कसा काय ठरतो?

नळी आतून जेमतेम शेवईएवढी असते. तिथे बीज आणि शुक्राणू यांची गाठ पडते. संबंधातून पसरणाऱ्या क्लॅमिडिया किंवा परमा (डॉक्टर ज्याला गोनोरिया म्हणतात) या आजारांचे जंतू गर्भाशयाच्या तोंडातून वर चढले, की आतलं नाजूक अस्तर सुजतं आणि बरं होताना चिकटून बसतं. स्वीडनमध्ये वेस्ट्रॉम यांनी असा दाह झालेल्या स्त्रियांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. १९९२ साली आलेले त्यांचे आकडे असे: ओटीपोटाचा दाह एकदा झालेल्यांपैकी ८ टक्के जणींना नळ्यांमुळे वंध्यत्व आलं, दोनदा झालेल्यांत जवळपास २० टक्के आणि तीनदा किंवा जास्त झालेल्यांत ४० टक्के.

आणि हे सगळं गुपचूप होऊ शकतं. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. परदेशातलं सोडा. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या सुमारे ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ४५ टक्के जणींची काहीही तक्रार नव्हती, तरी एकूण ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. निम्मे आजार जंतुसंसर्गाचे होते. आधी कधी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

आता नवऱ्याकडे येऊ, कारण घरात त्याचं नाव शेवटी निघतं. लग्नाआधी कधीतरी लघवीला जळजळ झाली, मेडिकलवाल्यानं दोन गोळ्या दिल्या, जळजळ थांबली, विषय संपला. जंतू मात्र राहिले असतील तर ते घरात येतात, आणि दोषी ठरते सून. जिल्हा रुग्णालयातल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये औषधांची रंगवार पाकिटं असतात. स्रावासाठीच्या राखाडी पाकिटात ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम असतं, आणि ते फुकट मिळतं. पण दोघांनी एकाच वेळी घ्यायचं असतं. एकट्या बायकोनं गोळ्या खाल्ल्या, तर पुढच्या महिन्यात जंतू पुन्हा हजर. आणि हे औषध जंतू मारतं, चिकटलेली नळी उघडत नाही. म्हणून घाई करायची.

एक मात्र बजावून सांगते. नळ्या बंद निघाल्या की लगेच कुणाच्या चालचलणुकीचा पंचनामा सुरू करू नका. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयरोग हेही नळ्या बंद होण्याचं मोठं कारण आहे. आडगावच्या बाळंतपणातला किंवा गर्भपातातला जंतुसंसर्गही नळ्या खराब करतो.

बाकीचे गैरसमज पटापट.

पहिलं लेकरू आहे, म्हणजे दोघं ठणठणीत? नाही. पहिल्या बाळंतपणानंतरही नळ्या बंद होतात आणि शुक्राणू घटतात.

तांबीमुळे वांझपण येतं? २००१ साली मेक्सिकोतल्या अभ्यासात तांबी निर्दोष ठरली. नळ्यांच्या दोषाशी संबंध दिसला तो क्लॅमिडियाचा.

पांढरं जातं, पिशवी काढून टाका? बहुतेक वेळा गोळ्यांनी भागतं. शेजारच्या बीडमध्ये २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यावर वेगळं आणि जास्त रागानं लिहावं लागेल.

एचआयव्ही असेल तर मूल विसरायचं? नियमित औषधं घेतली तर बाळाला होणाऱ्या लागणीचा धोका ५ टक्क्यांच्या खाली येतो.

गडी दणकट आहे, त्याला कशाला तपासायचं? कारण ताकद आणि शुक्राणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अपत्य नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूनंही कारण निघतं. दोन ते सात दिवस संबंध टाळून वीर्याचा नमुना द्यायचा, एवढंच. बायकोच्या नळ्यांच्या एक्स-रेपेक्षा ही तपासणी स्वस्त आहे आणि दुखत तर अजिबात नाही. ती आधी करा.