रोमचा चेहरा, तेरची माती

सोलापूर जिल्ह्यातली बार्शी ओलांडून पूर्वेला निघालं की तेरणेच्या काठी तेर लागतं. आपल्याला ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक. त्यांच्या हजार-बाराशे वर्षं आधी हेच गाव ‘तगर’ या नावानं दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या तोंडी होतं. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की तगर पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदरात उतरे. त्याच बंदरात रोमची सोन्या-चांदीची नाणी येत आणि स्थानिक चलनाशी बदलताना नफा देत.

तेरच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू गावातलेच व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जिवापाड जमवल्या. त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय आज गावात आहे. पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीची आठवण करून देणारी इथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. मला मात्र जास्त मोह पडतो तो तेरला मिळालेल्या मातीच्या पदकांचा. रोमन नाण्यावरून साचा घ्यायचा, त्यात माती दाबायची, दोरा ओवायला भोक ठेवायचं आणि भाजायचं. अशा काही पदकांवर सोन्याचा मुलामाही असे. तेलंगणातल्या कोंडापूरला तर सम्राट टायबेरियसच्या नाण्याच्या अशाच नकला निघाल्या. ज्याला सोन्याचं नाणं परवडत नव्हतं, त्यानंही सम्राटाचा मुखवटा हौसेनं गळ्यात घातला.

रोमच्या पूर्वेकडच्या प्रांतांत शहरं स्वतःची नाणी पाडत: एका बाजूला सम्राटाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गावचं दैवत, अक्षरं बहुधा ग्रीक. तिथे ती सत्तेची खूण होती. दख्खनवर रोमचं राज्य कधीच नव्हतं, तरी राजाचा चेहरा नाण्यावर आला. क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर त्याचं मस्तक आहे, भोवती ग्रीक अक्षरं, मागे ब्राह्मी आणि खरोष्ठी. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला अशी तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारला होता. पुढे सातवाहनांनी स्वतःच्या चेहऱ्याची चांदीची नाणी पाडली आणि त्यांवर ब्राह्मीत प्राकृत कोरली.

परक्याचं आवडलेलं उचलावं आणि त्यावर आपली भाषा कोरावी, ही दख्खनची जुनी रीत आहे. सोलापूरच्या प्रत्येक शाळेची एक सहल तेरला जायलाच हवी.