कात्री हातात देताना

माझे वडील शिंपी होते. दुकानात नवा पोरगा आला की आधी काज-बटण, मग तुरपाई, मग मशीन. कात्री सर्वांत शेवटी. कारण शिवण चुकली तर उसवता येते, कापड चुकीचं कापलं तर संपलं! मग एके दिवशी वडील गिऱ्हाइकाचंच कापड त्याच्या पुढ्यात टाकायचे आणि विचारायचे, ‘‘तू कुठून कापशील?’’ पोरगा खडूनं खुणा करायचा. वडील एखादी रेघ पुसायला लावायचे आणि कात्री त्याच्या हातात द्यायचे.

मोठ्या कंपन्यांत आज यालाच कोचिंग आणि मेंटॉरिंग म्हणतात. दोहोंत थोडा फरक आहे. मेंटॉर हे होमरच्या ‘ओडिसी’तलं पात्र. युद्धाला निघालेल्या ओडिसियसनं आपलं घरदार त्याच्या हवाली केलं होतं. तेव्हा मेंटॉर म्हणजे अनुभवाची शिदोरी देणारा, दीर्घकाळ पाठीशी राहणारा वडीलधारा. कोच हा शब्द हंगेरीतल्या कोच गावच्या घोडागाडीवरून आला. ठरावीक मुक्कामाला, म्हणजे ठरावीक कौशल्यापर्यंत पोचवतो तो कोच. जॉन व्हिटमोर यांनी १९९२च्या आपल्या पुस्तकात त्याचे चार प्रश्न मांडले : कुठं पोचायचंय? आज कुठं आहेस? वाटा कोणत्या? त्यातली तू कोणती धरणार? गंमत अशी की, यात कोच उत्तर देत नाही, नुसतं विचारतो.

माझ्या पहिल्या कचेरीत असं विचारणारं कुणी नव्हतं. हेडक्लार्क कामात तरबेज, पण चुकलं की चारचौघांत कागद अंगावर फेकायचे. त्यातून मी एकच गोष्ट शिकलो, चूक लपवायची. बेरजेतली एक चूक मी दोन महिने दडवली होती. ते निवृत्त झाले तेव्हा निम्म्या फायलींचा ठावठिकाणा कुणाला ठाऊक नव्हता. शिकवलं तर आपली किंमत कमी होईल, अशी भीती त्यांना असावी.

ती भीती अगदीच खोटी नाही. वडिलांच्या एका शागिर्दानं पलीकडच्याच गल्लीत दुकान थाटलं. वडिलांना ते झोंबलं. पण ईद-दिवाळी लागून आल्या आणि काम आवरेना, तेव्हा रात्रभर मशीनवर बसायला तोच आला.

आपल्या हाताखाली कुणी नवखा असेल, तर आठवड्यातला अर्धा तास त्याला द्या. चूक एकांतात दाखवा. आणि उत्तर सांगण्याआधी एकदा विचारा, ‘‘तू कुठून कापशील?’’