वल्ही मारणारे हात

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, केरी परगण्यात, डनक्विन नावाचा चिमुकला धक्का आहे. कड्यावरून नागमोडी वाट खाली उतरते. तिथून बोटीत बसलो, तेव्हा ग्रेट ब्लास्केट बेट अगदी हाकेच्या अंतरावर वाटत होते. बेटावर पाऊल ठेवले आणि बोलणेच थांबले. उतारावर बिनछपराच्या दगडी घरांची रांग आणि आत गुडघाभर गवत.

१९१६च्या सुमारास इथे १७६ माणसे नांदत होती. चर्च नाही, डॉक्टर नाही, दारूचा गुत्ताही नाही. सारी भिस्त समुद्रावर. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर फासलेले कापड ताणले, की त्यांची होडी तयार. तीन-चार गडी ती उलटी करून डोक्यावर घेत आणि पाण्यात सोडत. आपल्या बांगड्याचा भाऊबंद असलेला मॅकरेल आणि शेवंड यांवर घर चाले.

नवल असे, की गावाला ओहोटी लागली तेव्हाच ते लिहिते झाले. टोमास ओ क्रिहन या कोळ्याने मोठेपणी आयरिश लिहायला शिकून आत्मचरित्र लिहिले. ते १९२९ साली प्रसिद्ध झाले. पेग सेयर्स या बाईंनी आपली कहाणी तोंडी सांगितली, मुलाने ती उतरवून घेतली. १९३६ साली तिचेही पुस्तक झाले.

तोवर तरुण मुले अमेरिकेची वाट धरू लागली होती. पुष्कळजण स्प्रिंगफील्ड शहरात स्थिरावले. १९४१ साली शाळा बंद पडली. १९४६च्या नाताळात एक तरुण आजारी पडला. वादळामुळे ना डॉक्टर पोहोचला, ना पाद्री. जानेवारीत तो मेंदूज्वराने गेला. त्याच एप्रिलमध्ये, पुन्हा वादळात अडकलेल्या बेटकऱ्यांनी थेट पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार केली : अन्न पाठवा.

अखेर १९५३च्या नोव्हेंबरात सरकारने उरलेल्या २२ जणांना किनाऱ्यावर हलवायला सुरुवात केली.

गाव समुद्राने उठवले, असे आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. वादळे तर ओ क्रिहनच्या लहानपणीही होतीच. तेव्हा होडी डोक्यावर घ्यायला घराघरांतून गडी निघत. पुढे म्हातारे उरले, आणि तेवढेच अंतर त्यांना पार होईना.

परतताना आमच्या बोटीचे इंजिन घरघरत होते. काही मिनिटांतच धक्का आला.